अंधारातला अर्धा तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी मंगल बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र भयनाट्यांवर, म्हणजे भीतीच्या छोट्या एकांकिका आणि श्रुतिका यांवर बोलणार आहे. विषय कळताच आपल्यापैकी दोघी-तिघींनी दोन आक्षेप घेतले. पहिला, चांगल्या दिवशी असले अभद्र कशाला? दुसरा, आपण बायकांनीच भुतांची नाटके बसवली तर अंधश्रद्धा वाढणार नाही का? दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. त्यांना उत्तर देता देताच माझा विषय पुरा होईल.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मी थेट भरतमुनींनाच साक्षीला बोलावते. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि शृंगार, हास्य, वीर यांच्याच पंगतीत भयानक रसाला पाट मांडला आहे. त्याचा रंग काळा आणि देवता काळ. म्हणजे भीती ही नाटकात चोरून शिरलेली पाहुणी नव्हे, ती घरचीच आहे. घरात साप निघाला तर आपण ओरडत बाहेर धावतो. रंगमंचावर साप निघाला तर मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून पुढे काय होते ते पाहतो. तोंडात जाळ उठला तरी तांबड्या रश्श्याची वाटी पुन्हा पुढे करणाऱ्या कोल्हापूरकरांना ही गोडी निराळी समजावून सांगायला नको.

आता ही भुते असतात तरी कोण? आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकवलेली नावे आठवून पाहा. मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. मनातली इच्छा मनातच राहून गेली ती जखीण. विधवापणाचे हाल सोसून गेली ती लावसट. भगिनींनो, ही यादी भुतांची वाटते, पण खरे पाहता ती आयुष्य अर्धवट राहिलेल्या माणसांची आहे, आणि तीत बायकांचा भरणा किती आहे तेही पाहा. दवाखाने नव्हते, सुईण हात टेकून बसे, अशा काळी घरोघरी बाळंतिणी दगावत. त्यांच्याविषयी मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मग गावाने त्यांना झाडावर बसवले आणि त्यांची भीती घातली. जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही, तिचे मेल्यावर तरी ऐकावे लागले! चांगले भयनाट्य नेमके हेच करते. ते भूत दाखवत नाही, भुताचे गाऱ्हाणे ऐकवते.

दोन जुनी परदेशी उदाहरणे देते. बेल्जियमचे मॉरिस मेटरलिंक, ज्यांना १९११ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी १८९० साली एक लहानसे नाटक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘आगंतुक’ असा होतो. रात्रीची वेळ आहे, एक कुटुंब दिव्याभोवती बसले आहे. शेजारच्या खोलीत आजारी बाळंतीण आहे, आणि तिचे मूल जन्मल्यापासून रडलेलेच नाही. घरातले आजोबा आंधळे आहेत. बागेतले पक्षी एकाएकी गप्प होतात. कोणीतरी विळ्याला धार लावत असल्याचा आवाज येतो. कोणी घरात आले का, असे आजोबा पुन्हा पुन्हा विचारतात. डोळे असणाऱ्यांना कोणीच दिसत नाही. मध्यरात्री मूल पहिल्यांदा किंचाळते, आणि बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडते. सगळ्या नाटकात भूत म्हणून नाहीच. आपल्या कितीतरी पणज्यांची कथा त्या एका खोलीत सांगून झाली आहे.

दुसरे उदाहरण ‘माकडाच्या पंजा’चे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ही कथा १९०२ सालची. पुढच्याच वर्षी लुई पार्कर यांनी तिची एकांकिका केली आणि ती लंडनमध्ये रंगभूमीवर आली. तीन इच्छा पुऱ्या करणारा मंतरलेला पंजा एका म्हाताऱ्या जोडप्याच्या हाती येतो. तो म्हणे हिंदुस्थानातल्या एका फकिराने मंतरलेला! साहेबाला भीती हवी असली की ती आपल्याकडून मागवावी लागे, ही त्यातली एक गंमत. म्हातारा दोनशे पौंड मागतो. पैसे मिळतात, पण कारखान्यातल्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. आई वेडीपिशी होऊन नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला लावते, माझा मुलगा परत आण. रात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते. आणि बाप, दारापलीकडे कोणत्या अवस्थेतला देह उभा असेल या धास्तीने, घाईघाईने तिसरी इच्छा उच्चारतो. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो.

प्रेक्षकांना दाराबाहेरचा कधीच दिसत नाही. दिसतो तो कडीवर पडलेला आईचा हात. आपल्यापैकी कोणतीही आई त्या जागी असती तर ती थांबली असती का? असा प्रश्न ज्या नाटकाने पडतो त्याला अभद्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

न दिसणाऱ्या भीतीचे खरे माहेर म्हणजे रेडिओ. बी.बी.सी.ने जानेवारी १९२४ मध्ये ध्वनिक्षेपित केलेली रिचर्ड ह्यूज यांची श्रुतिका ही खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांपैकी एक मानली जाते. ती सुरू होते कोळशाच्या खाणीत, आणि दिवे गेल्यावर! पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यांनाही दिसत नाही, म्हणजे दोघे एकाच अंधारात. रेडिओची उणीव होती तीच लेखकाने त्याचे बळ करून टाकली.

आपल्याकडे पुणे केंद्र १९५३ साली आणि सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. ‘विविध भारती’ १९५७ साली आली आणि तिच्या ‘हवामहल’ने छोट्या नाटिकांची गोडी घराघरांत लावली. श्रुतिकेची सामग्री किती साधी असते! नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, पत्रा हलवला की गडगडाट होतो, चुरगळणारा कागद कानाशी धरला की आग लागते. पण सर्वांत धाक बसतो तो शांततेचा. बोलणारे पात्र वाक्याच्या मध्येच थांबले की ऐकणारी बाई हातातले निवडणे सोडून रेडिओकडे पाहू लागते.

मराठीत या वाटेने गेलेले मोठे नाव म्हणजे रत्नाकर मतकरी. त्यांची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतच होते. पुढे गूढकथा म्हटली की मतकरी असे समीकरण झाले. याच लेखणीने बालनाट्ये लिहिली आणि दलितांवरच्या अत्याचाराला वाचा फोडणारे ‘लोककथा ७८’ही लिहिले. मला यात विसंगती दिसत नाही. अंधारात काय दडले आहे ते निरखायची सवय ज्याला लागली, त्याला समाजातला अंधारही दिसतोच. मतकरी २०२० साली करोनाच्या साथीत गेले.

आता दुसरा आक्षेप, अंधश्रद्धेचा. हा मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत बायका मोजत आल्या आहेत. अंगात आले, बाहेरचे लागले, करणी केली असे म्हणून बाईला झोडपण्याचे प्रकार आपल्या राज्यात घडत आले. म्हणून तर महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, हे विसरता येत नाही.

पण भोंदू आणि नाटककार यांच्यात एक मोठा फरक आहे. भोंदू भीती विकतो आणि तिचे दुकान कधी बंद करत नाही. नाटककार अर्ध्या तासासाठी भीती उसनी देतो, आणि पडदा पडला की दिवे लावून ती परत घेतो. शेजारणीकडे पाहून आपण हसतो, ‘केवढी दचकलीस ग!’ म्हणतो. चारचौघींत भ्यायलेली भीती घरी येत नाही. एकटीने मनात कोंडलेली भीतीच मांत्रिकाच्या दारी नेते. तेव्हा नाटक निवडताना कसोटी एवढीच लावावी की, शेवटी आपल्याला भुताची भीती वाटते, की त्या माणसाची कणव येते? गंडा-ताईत बांधून प्रश्न सोडवणारे नाटक असेल तर संहिता खुशाल मिटून ठेवावी. हिरवा दिवा, मोकळे केस आणि पांढरे पातळ एवढ्यावरच भिस्त असेल तरीही मिटावी. ती भीती पहिल्या किंकाळीलाच संपते आणि पोरेसोरे हसू लागतात.

कोल्हापूरच्या रसिकांना अंधाराची एक ताजी जखमही आहे. शाहू महाराजांनी उभारलेले १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री बघ्यांच्या गर्दीत उभी राहिलेली माणसे डोळे पुसत होती. रिकाम्या रंगमंचाहून भयाण काही नसते हे तेव्हा गावाला समजले. नाट्यगृह पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले गेले, पण रंगमंच जिवंत ठेवण्याचे काम एकट्या विटा-लाकडाचे नाही. ते आपल्यासारख्या हौशी मंडळांचेही आहे.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी आपण फार्स करतो, तो करूच. पण त्याच्या जोडीला यंदा अर्ध्या तासाची एक भयनाटिका घ्यावी. नेपथ्याला एक दार, एक कडी आणि एक कंदील पुरे. ज्यांना पाठांतराचा किंवा समोर उभे राहण्याचा संकोच वाटतो, त्यांनी पडद्यामागून श्रुतिका वाचावी. आवाजाला वयही नसते आणि गुडघेदुखीही नसते. आणि प्रयोग झाल्यावर लगेच उठून जाऊ नये. चहा घेता घेता प्रत्येकीने सांगावे की तिला नेमकी कशाची भीती वाटली. त्या गप्पांत भुते फारशी निघणार नाहीत. आपल्या घरातल्या, आपल्या आईच्या, आपल्या आजीच्या न बोललेल्या गोष्टी निघतील, असा माझा अंदाज आहे.