रकान्यातला बौद्ध आणि आचरणातला बौद्ध



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसोबत २२ प्रतिज्ञाही दिल्या. कारण धर्माचे नाव बदलले म्हणजे मन बदलतेच असे नाही. पुढे केंद्राच्या सवलती जातील या भीतीने अनेकांनी दाखल्यावर 'हिंदू महार' तसेच राहू दिले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. ती अडचण सरली.

आज रकान्यात 'बौद्ध' आहे. पण सोयरीक जुळवताना पत्रिका आणि पोटजात निघतातच. बँकेत नुसते खाते उघडून शिल्लक जमत नाही, तसेच हे आहे. मुलाने 'आपण बौद्ध का?' असे विचारले, तर दाखला काढू नका; पंचशीलाचा अर्थ सांगा आणि तसे वागा.

नमो बुद्धाय! जयभीम!