बागायतीतील मांगर आणि त्याचे जोते
(पार्से, तालुका पेडणे येथील ग्रामस्थांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बागायतदाराच्या दृष्टीने मांगर ही वास्तू लहान असली तरी तिचे महत्त्व लहान नाही. कुदळ, फावडे, फवारणीचा पंप, खताची पोती, बियाणे, वाळविलेल्या काजूबिया, सोललेले नारळ अशी वर्षभराच्या कष्टाची पुंजी याच चार भिंतींच्या आत असते. खताच्या पोत्याला ओल लागली की त्याचा दगड बनतो. बियाण्याला लागली की उगवण जाते. काजूबियांना लागली की बुरशी येऊन भाव पडतो. असे नुकसान झाले म्हणजे लोक छपराकडे पाहतात, कौले चाळतात. परंतु पुष्कळदा दोष वर नसून खाली, जमिनीत असतो. जोते नीट नसेल तर उत्तम छपरही मांगर वाचवू शकत नाही.

उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या पेडणे तालुक्यात सडा, उतार आणि सखल शेती अशी तीन प्रकारची जमीन आढळते. सड्यावर जांभ्याचा कातळ, उतारावर काजूची लागवड, खाली माड व भातशेती. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून येथील जोत्याला दोन कामे करावी लागतात. भार समान पेलणे हे पहिले आणि पाण्याला आत येऊ न देणे हे दुसरे.

प्रथम जागेची निवड. पाणी साचते ती सखल जागा, व्हाळाचा काठ, वारूळ असलेली जागा आणि मोठ्या झाडाच्या मुळांचा परिसर टाळावा. उतारावर मांगर बांधताना वरच्या बाजूची माती कापून खालच्या बाजूला टाकण्याची व सपाट दिसणाऱ्या त्या जागेवर लगेच बांधकाम सुरू करण्याची पद्धत सर्रास दिसते. ती घातक आहे. अर्धे जोते मूळच्या घट्ट जमिनीवर व अर्धे भरावावर बसते. पहिल्या पावसाळ्यात भराव खचतो आणि बरोबर मधोमध भिंतीला तडा जातो. सबब चारही बाजूंचा पाया मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत नेणे अगत्याचे आहे. भरावाच्या बाजूला तो अधिक खोल गेला तरी हरकत नाही.

आखणीसाठी ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद हे माप सोयीचे आहे. या मापाचे दोन्ही कर्ण अचूक ५ मीटर भरले तर चारही कोपरे काटकोनात आहेत असे निश्चित समजावे. शाळेत शिकविला जाणारा पायथागोरसचा सिद्धान्त येथे एका दोरीने सिद्ध होतो. शिक्षकांनी मुलांना अशी आखणी प्रत्यक्ष दाखविल्यास भूमितीचा तो पाठ त्यांच्या सहज लक्षात राहील.

आखणीनंतर जागेवरील सुमारे १५ सेंटिमीटर माती, मुळे, पालापाचोळा व लाकडाचे तुकडे यांसह काढून टाकावी. ती बागेत उपयोगी पडते, जोत्याखाली मात्र कुजते आणि वाळवीला आमंत्रण देते. त्यानंतर ४५ सेंटिमीटर रुंदीचे चर खणावेत. खोली किमान ४५ सेंटिमीटर असावी, परंतु खरा नियम मापाचा नसून घट्ट मुरूम किंवा जांभा लागेपर्यंत खणण्याचा आहे. तळाशी १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट घालून त्यावर चिऱ्यांचे थर सांधेमोड करून रचावेत व जोते भोवतालच्या जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आणावे. प्रत्येक थर पाणसळीने व ओळंब्याने तपासावा.

चिरा हे या भूमीचे देणे होय. स्कॉटिश प्रवासी फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना तो मऊ असतो व विटेसारखा कापता येतो, उघड्या हवेत मात्र कठीण होत जातो. म्हणून खाणीतून आलेला ओला चिरा त्याच दिवशी भिंतीत न घालता काही आठवडे वाळू द्यावा. ज्यात पांढऱ्या मातीचे गोळे दिसतात किंवा जो कुदळीच्या हलक्या घावाने भुगा होतो, तो चिरा पायासाठी घेऊ नये.

आता भराव. हे काम दिसत नाही, म्हणूनच सर्वांत जास्त चुकते. जोत्याच्या आतील खळगा एकदम मातीने भरून वरून धुमस मारली तर वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो आणि खाली पोकळी राहते. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकावा, शिंपडून ओलसर करावा व प्रत्येक थर स्वतंत्रपणे चोपावा. ओलावा ओळखण्याची खूण सोपी आहे. मुठीत दाबलेला मुरुमाचा गोळा टिकावा आणि जमिनीवर टाकताच फुटावा. गोळा न होता सुटला तर पाणी कमी; चिखलासारखा चिकटला तर अधिक. वरील मापाच्या मांगरात ३५ सेंटिमीटर चोपलेल्या भरावासाठी सुमारे ४ घनमीटर सुटा मुरूम लागतो. शेतातील चिकणमाती भरावाला वापरू नये, कारण ती पावसात फुगते व उन्हात भेगाळते.

भरावावर १५ सेंटिमीटर दगडांचे सोलिंग, त्याच्या फटींत वाळू, वर जाड प्लास्टिकचा कागद व शेवटी १० सेंटिमीटर काँक्रीट अशी रचना करावी. प्लास्टिक फाटू नये म्हणून सोलिंगवर वाळूचा पातळ थर पसरावा. जमिनीतील ओल वर चढते ती हा कागद अडवितो. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू व सहा भाग खडी या प्रमाणाने या कामास सिमेंटची सुमारे ४ पोती पुरतात. जमिनीला दरवाजाकडे किंचित उतार द्यावा. काँक्रीटवर ओली गोणपाटे टाकून ते किमान ७ दिवस, शक्यतो १० दिवस ओले ठेवावे. या पाण्यात केलेली काटकसर पुढे फार महाग पडते.

जोते झाले तरी काम संपत नाही. वरच्या अंगाला चर खणून डोंगराचे पाणी मांगराला वळसा घालून खाली सोडावे. छप्पर जोत्याच्या बाहेर दोन्ही बाजूंस पुरेसे काढावे, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायात मुरणार नाही. लाकडी खांब जमिनीत न पुरता जोत्यावर लोखंडी बोल्टने जखडावेत. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाने किनारपट्टीवरील अनेक छपरे उडविली. छपराची पकड जोत्यापर्यंत पोहोचणे किती आवश्यक आहे, याचा तो धडा होय.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. बांधकामापूर्वी पंचायतीत व पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. जमीन सामाईक असल्यास किंवा कुळवहिवाटीची असल्यास नमुना १ व १४ पाहून संबंधितांची संमती लेखी घ्यावी. जागेत झाड असल्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे स्मरण ठेवावे व परवानगीवाचून ते तोडू नये. पक्के जोते हे काढता न येणारे काम आहे. त्यावरून उद्भवणारा भाऊबंदकीचा वाद मांगराच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग ठरतो. गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी अशी चौकशी करणाऱ्यास वेळीच व स्पष्ट उत्तर द्यावे, हीही अपेक्षा रास्त आहे.

भातकापणी उरकल्यानंतर व काजूचा हंगाम ऐन भरात येण्यापूर्वीचे दिवस या कामास उत्तम. मृगाचा पाऊस दारात आल्यावर घाईने घातलेले जोते त्याच पावसात कसोटीस लागते आणि बहुधा अनुत्तीर्ण होते. मांगरासाठी जवळ थोडाच पैसा असेल तर भिंती व छप्पर यंदा साधे असू द्यावे, त्यांत पुढे सुधारणा करता येते. जोते मात्र पहिल्याच वेळी पक्के घालावे.