संप : सत्तेला दिलेला नकार

(विष्णुपुरी येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



संप म्हटला की पगार, महागाईभत्ता आणि बोनस एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या मागण्या न्याय्यच आहेत. परंतु एका पैशाचीही वाढ न मागता, केवळ अन्यायी सत्तेशी असहकार म्हणून कामगारांनी काम बंद ठेवल्याचे प्रसंगही इतिहासात आहेत.

1940 च्या मे महिन्यात हिटलरच्या फौजांनी हॉलंड व्यापले. पुढच्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅममध्ये चारशेहून अधिक ज्यू तरुणांची धरपकड झाली. 25 फेब्रुवारी 1941 रोजी ट्रामगाड्या थांबल्या, गोद्या आणि कारखाने ओस पडले. सफाई कामगार या संपात आघाडीवर होते. दुसऱ्याच दिवशी बळाचा वापर करून संप चिरडण्यात आला. 1942 च्या ऑगस्टअखेर लक्झेंबर्गमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध संप झाला. त्याबद्दल 21 जणांना प्राण गमवावे लागले.

आपल्याकडे काय घडले? हिंदुस्थानला न विचारता इंग्रजांनी त्याला युद्धात ओढले, तेव्हा 2 ऑक्टोबर 1939 रोजी मुंबईच्या सुमारे 90 हजार कामगारांनी युद्धविरोधी संप केला. 1942 च्या ऑगस्टमध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना 13 दिवस बंद राहिला. राष्ट्रीय सरकार स्थापन झाल्याखेरीज कामावर परतणार नाही, ही तेथील कामगारांची घोषणा होती. अहमदाबादच्या गिरण्या तर साडेतीन महिने थंड होत्या.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. 1939 च्या संपात पुढे असलेल्या कम्युनिस्टांनी रशिया युद्धात उतरल्यावर 1942 च्या लढ्याकडे पाठ फिरवली. उलट, हिटलर-स्टालिन करार अस्तित्वात असतानाही ॲम्स्टरडॅमच्या संपाची हाक डच कम्युनिस्टांनीच दिली होती. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे : कामगाराची लढाई त्याच्या भोवतीच्या अन्यायावरून ठरावी, परक्या राजधानीच्या सोयीवरून नव्हे.

आपल्या मराठवाड्यात गिरण्या थोड्या, कामगार थोडे. म्हणून काय झाले? ना. म. जोशी यांच्या सहवासात कामगार चळवळीचे धडे घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ येथील मुक्तिलढ्याचे नेते झाले. 1947-48 मध्ये वकिलांनी न्यायालये सोडली, विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, शेतकऱ्यांनी लेव्हीचे धान्य नाकारले, शिंदीची झाडे तोडून निजामाचे अबकारी उत्पन्न बुडविले. हाही संपच होता. तो कारखान्याऐवजी शिवारात झाला, एवढेच.

कोणी विचारील, यातून साधले काय? ॲम्स्टरडॅमच्या संपाने ज्यूंचा संहार टळला नाही, हे खरे. निजामाची राजवट संपविण्यास भारताचे सैन्यही यावे लागले. परंतु जुलमी सत्तेला केवळ भीती पुरत नाही. तिला रोज कोणीतरी गाडी हाकावी लागते, खाते लिहावे लागते, धान्य पिकवावे लागते. हे हात थांबले की तिचे परावलंबित्व उघडे पडते आणि शेजाऱ्याला कळते की आपण एकटे नाही.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी नोटिशीची अट सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. निम्म्या कामगारांनी ठरवून घेतलेली रजाही संपच मानली. या तरतुदींचा विचार करताना केवळ पगाराचा हिशेब मांडू नका. काम नाकारण्याचा हक्क हा नागरिकाच्या हाती उरलेला शेवटचा नकार आहे. तो कायद्याच्या कलमांत हरवू न देणे, हे संघटनेचे काम आहे; आणि ते संकट दाराशी येण्यापूर्वीच करावे लागते.