विकाऊ मस्टँग

अमेरिकेंत दांडग्या इंजिनाच्या कांहीं मोटारींस ‘मसल कार’ म्हणतात. ‘बुलिट’ या १९६८ च्या बोलपटांत स्टीव्ह मॅक्वीननें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चढउतारांवर पिटाळलेली हिरवी फोर्ड मस्टँग त्यांतलीच. १९७४ सालीं ती विकाऊ असल्याची जाहिरात वाचून एका गृहस्थानें ती ६,००० डॉलरांस घेतली. त्याची पत्नी शिक्षिका. बाई हीच गाडी घेऊन शाळेंत जात! १९७७ सालीं खुद्द मॅक्वीननें पत्र धाडून ती मागितली. गृहस्थानें दाद दिली नाहीं. पुढें क्लच निकामी झाला, गाडी वर्षानुवर्षें पडून राहिली. २०१४ सालीं तो वारला. अखेर १० जानेवारी २०२० रोजीं मुलानें फ्लोरिडांतील किसिमी येथें ती लिलावांत काढली. पोचे, गंज, विटलेला रंग, सारें होतें तसेंच ठेविलें होतें. आणि शहाणपण त्यांतच होतें. लिलावाच्या शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर आले.