सॉलिसिटरचे पत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कायद्यावर बोल म्हणून आपण मला उभे केलेत, तेव्हा चुकलेमाकले पोटात घाला. मी आपली घरात घडलेली हकीकत सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाची भाजणी भाजत होते, तेवढ्यात पोस्टमन आला. जाड लिफाफा, आत इंग्रजी कागद, वर मुंबईच्या सॉलिसिटरचे नाव. सासूबाईंच्या नावाने आलेले. आमच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, “सूनबाई, माझ्यावर वॉरंट आलं की काय गं?” खरे सांगते, माझेही हातपाय गार पडले. वकील ठाऊक, पण सॉलिसिटर हा कोण प्राणी? आपल्या नांदेडच्या कोर्टात त्या नावाची पाटी मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमचे हे आणि मी कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, “ताई, सॉलिसिटर म्हणजे वकीलच, मात्र हा कागदांचा वकील.” मग त्यांनी जे समजावले ते असे. 1862 साली मुंबईला हायकोर्ट झाले. तेथे शहरातल्या मोठ्या दाव्यांत काम दोघांत वाटलेले असे. पक्षकाराने आधी सॉलिसिटरकडे जायचे. त्याने हकीकत ऐकायची, दस्त तपासायचे, दाव्याचे कागद तयार करायचे आणि ते बॅरिस्टरच्या हाती द्यायचे. न्यायाधीशापुढे उभे राहून बोलायचे ते बॅरिस्टरने. म्हणजे स्वयंपाक एकाचा आणि पंगतीत वाढणारा दुसरा! सॉलिसिटरने काम दिले नाही तर बॅरिस्टरची चूल पेटणे कठीण. बाबासाहेब आंबेडकर 1923 साली मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा एवढा शिकलेला माणूस, पण अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांच्याकडे काम देईनात. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

ही सक्तीची वाटणी 1976 च्या कायद्याने गेली. आता कायद्यापुढे सगळे ॲडव्होकेट. पण मुंबईत सॉलिसिटरची वेगळी परीक्षा अजून होते. घरे-जागांचे व्यवहार, कंपन्यांचे करार, मृत्युपत्रे ही कामे त्यांच्याकडे फार. आपल्याकडे निजामाच्या राज्यात हा प्रकार रुजलाच नाही. माझ्या आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत. ते वाचणाराही वकीलच आणि कोर्टात भांडणाराही वकीलच.

आता पत्रात काय होते ते सांगते. सासूबाईंच्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून मुंबईला सोसायटीत एक खोली घेतली होती. ते 1979 साली मृत्युपत्र न करता वारले. आता भाचा ती खोली विकतो आहे. घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने मालकीचा शोध घेतला, तेव्हा सासूबाईंचे नाव निघाले. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. सही करा, म्हणजे झाले.

मी विचारले, “एवढा मोठा माणूस लिहितो, म्हणजे सही करायलाच हवी ना?” वकीलसाहेब म्हणाले, “तो मोठा असेल, पण तो घेणाऱ्याचा माणूस आहे. त्याने आपले काम चोख केले. तुमच्या सासूबाईंचे भले बघणे त्याच्याकडे नाही, त्याला तुमचा माणूस लागतो.” 1956 च्या वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हेही त्यांनी सांगितले.

मी गप्प झाले. कारण बारा वर्षांपूर्वी माझ्या माहेरी असाच एक कागद मी न वाचता सही करून दिला होता. “वारसाची नोंद आहे,” असे भाऊ म्हणाला, आणि निबंधकाच्या कचेरीत साहेबांनी विचारले तेव्हा मीच मान डोलावली. ते हक्कसोडपत्र होते. भावाशी मी भांडले नाही, राखीही चुकवली नाही. पण साडी-चोळीवर माझी बोळवण झाली हे मला मराठीत लिहिलेले असूनही कळले नव्हते. मग इंग्रजीचे काय घेऊन बसलात?

ज्या बहिणींना वकिलाच्या फीची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी सांगते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तेथे वकील फुकट मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असो. मला हे ठाऊक असते तर! असो.

आम्ही उत्तर पाठवले. महिन्याभरात भाचा स्वतः नांदेडला आला, आत्याच्या पाया पडला, शेवभाजी-भाकरी जेवला. हिश्श्याची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच निबंधकापुढे सही, असे ठरले. रक्कम अजून आलेली नाही. सासूबाईंनी ते पत्र पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली ठेवले आहे, आणि पेटीची किल्ली आता माझ्याकडे मागतात, कोणाला देत नाहीत.