न दुखणारी जखम

(पाड्यांवरील आरोग्य स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणात केलेले भाषण)



आधी सगळ्यांनी डावा हात कोपरात दुमडा. कोपराचे टोक आणि आतल्या बाजूचे हाड यांच्यामध्ये एक खाच आहे. तिथे उजव्या हाताच्या बोटाने हलकेच चाचपा. दोरीसारखे काही लागते ना? जरा दाबले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. आपण रक्ताच्या नळीलाही शीर म्हणतो आणि हिलाही शीरच म्हणतो, तिथेच घोळ होतो. हिच्यातून रक्त वाहत नाही, निरोप जातात. हा मज्जातंतू.

डोक्यात मेंदू आहे. त्याला जोडून पाठीच्या मणक्यांतल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, साधारण करंगळीएवढा जाड. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि त्यांचे फाटे हातापायांच्या टोकांपर्यंत जातात. चेहरा, डोळे, जीभ यांच्यासाठी १२ जोड्या वेगळ्या. आकडे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा की निरोप दोन्हीकडे जातो. कातडीकडून वर: ऊन लागले, टोचले, दुखले. वरून स्नायूंकडे: धर, सोड, चाल. तापल्या तव्याला बोट लागले, तर निरोप मज्जारज्जूपर्यंत पोचताच तिथूनच हुकूम सुटतो आणि हात मागे येतो. 'भाजले' हे मेंदूला कळते ते त्यानंतर.

पण पहिला निरोपच निघाला नाही तर?

एका पाड्यावरच्या मावशी भाकरी भाजत होत्या. करंगळी तव्याला टेकून राहिली. जळका वास आला म्हणून सुनेने हात ओढला. मावशी म्हणाल्या, "दुखत नाही गं, कशाला घाबरतेस?" पाड्यावर मात्र बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू झाली.

मला त्यांच्या हातावरचा फिकट चट्टा आठवला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो मला दाखवला होता. "शिबं असतील," म्हणून मी मलम देऊन मोकळी झाले होते. मी डॉक्टर नाही, माझी पदविका ईश्वरविज्ञानाची. पण चट्ट्याला कापूस लावून 'कळते का?' एवढे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. मी ते विचारले नाही.

तो कुष्ठरोग होता. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली याचा जंतू शोधला. या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत घर करतो: कोपर, गुडघ्याखाली बाहेरची बाजू, घोट्याची आतली बाजू. तंतू सुजतो. आधी बधिरपणा येतो, मग बळ जाते, करंगळी आणि अनामिका वाकतात. बोटे 'झडतात' असे लोक म्हणतात, ते खरे नाही. वेल्लोरला काम केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड हेच सांगत राहिले: दुखणे कळत नाही, म्हणून त्याच हाताला पुन्हा पुन्हा भाजते, कापते, जखम चिघळते, आणि बोट झिजत जाते.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने. त्याने जंतू मरतात. गेलेली संवेदना मात्र त्याने आपोआप परत येत नाही. बधिरपणा ६ महिन्यांच्या आतला असेल, तर डॉक्टर तंतूची सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात आणि पुष्कळदा संवेदना परत येते. म्हणून चट्टा दिसला की 'कधीपासून?' हे विचाराच, आणि वहीत तारीख लिहा. आम्ही मावशींना दवाखान्यात नेले तेव्हा ती मुदत केव्हाच उलटून गेली होती.

आता त्या फडके घेतल्याशिवाय भांडे उचलत नाहीत. रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवतात, तेल लावतात, आणि नात दिव्यापाशी त्यांचे तळवे पाहते. मागच्या महिन्यात तिला बाभळीचा काटा सापडला. तो कधी घुसला, मावशींना पत्ता नव्हता.

चला, दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने कापसाचे टोक हाताला लावायचे. घासायचे नाही, नुसते टेकवायचे. जिथे लागले तिथे पहिलीने बोट ठेवून दाखवायचे.