सोसायटीचा पंचम

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



सेक्रेटरींनी बजावलंय, "पाच मिनिटं बोला, गाऊ नका." तेवढं पाळते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर गेल्या जूनमध्ये आपल्या हॉलमध्ये मी गाण्याचा वर्ग सुरू केला. एकसष्टाव्या वर्षी 'नवीन शिक्षिका' झाले! १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत नेलं. माझा वर्गही त्याच वाटेवरचा. फक्त कॅरमबोर्ड आणि घडीच्या खुर्च्यांच्या मधोमध.

सुरुवातीला सात मुलं होती. मग लोणावळ्याचा पाऊस आला. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या अडकतात. मुलंही गळाली. ऑगस्टमध्ये तीन उरली. त्यातली एक दुसरीत शिकणारी. दोन महिने नुसती बसून असायची. 'सा' म्हण म्हटलं की फ्रॉकचं टोक तोंडात. तिच्या आईला सांगायचं वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं, "तिला गळा नाही हो, चित्रकलेला घाला." आज ते सांगताना लाज वाटते.

एकदा मी गृहपाठ दिला, घरात, जिन्यात, रस्त्यावर सूर शोधून आणा. एकाने कुकरची शिट्टी आणली, दुसरीने लोकलचा भोंगा. आणि ही मुलगी पहिल्यांदाच बोलली, "काकू, पाण्याची मोटर आपला पंचम लावते. पण जरा चढा."

संध्याकाळी मोटर सुरू झाली. आमचा सा पांढरी एकचा. मी पेटीवर खालचा पंचम धरला आणि कान दिला. खरंच पंचम, आणि खरंच जरा चढा! इतकी वर्षं त्या मोटरीबद्दल मी सर्वसाधारण सभेत नुसत्या तक्रारी केल्या होत्या.

दोन महिने ती पोरगी ऐकत होती. ऐकायचं राहिलं होतं ते माझंच. आईला सांगायचं वाक्य मी गिळून टाकलं.

दिवाळीनंतर ती हळूच गुणगुणायला लागली. थंडीत आम्ही मळवलीला उतरून भाज्याची लेणी बघायला गेलो. तिथे एका शिल्पात एक बाई वाद्य वाजवतेय, दुसरी नाचतेय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते काम. बाकीच्यांचे फोटो चालले होते. ही मात्र त्या बाईसमोर मान तिरकी करून उभी. "काकू, हिचा सा कोणता?"

मला उत्तर आलं नाही. पण परतताना लोकलमध्ये मी एकटीच हसत होते.

वर्गाचा हिशेब अजून तोट्यात आहे. हॉलचं भाडं माफ करा असं इथून म्हणत नाही. त्याचा अर्ज वेगळा दिलाय. पण कुणाचा अडलेला सूर लागला, कुणी जिन्यातून आरोह म्हणत उतरलं, की माझा दिवस भरून निघतो. बँकेत एवढ्याशा जमेची नोंद मी कधी घेतली नव्हती.

उद्या सकाळी मोटर सुरू झाली की नळाखाली बादली लावता लावता क्षणभर ऐका. आपल्या सोसायटीचा पंचम आहे तो. जरासा चढा, पण आपला.